प्रश्न नसलेली चौकट

परीक्षांचे दिवस आले की मला मळीचा वास येतो. पुण्यात आम्ही राहतो त्या भागात साखर कारखाना सोडाच, उसाच्या रसाचं गुऱ्हाळही आता उरलेलं नाही. तरी एप्रिल लागतो, सोसायटीतली मुलं पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालत पाठांतर करू लागतात, आणि दुपारच्या गरम वाऱ्याबरोबर तो गोडसर, जरासा आंबलेला, डोकं जड करणारा वास येतोच. बायको म्हणते, तुम्हाला पित्त झालंय. असेलही. तो वास संगमनेरचा आहे, नव्वदीच्या दशकातल्या एका उन्हाळ्याचा आहे, आणि त्यात एसीच्या खोलीत कोंडलेल्या सतरंजीचाही वास मिसळलेला आहे, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

सांगायच्या गोष्टी मी सहसा सांगत नाही. आमच्या घरची ती रीतच. वडिलांना मी अण्णा म्हणतो. मला मिसरूड फुटल्यापासून अण्णा आणि मी एकमेकांशी थेट बोललो, असे प्रसंग फार थोडे. भांडण कसलंच नव्हतं. पुष्कळ घरांत असतं तसं आमचं बापलेकांचं बोलणं आईमार्गे चालायचं. ते एका पाटावर, मी समोरच्या पाटावर, आणि ते आईला म्हणायचे, "त्याला विचार, ताक हवंय का." आई माझ्याकडे बघायची. मी आईला सांगायचो, "नको म्हणावं." ताकाचं भांडं अण्णांच्या हाताशीच असायचं.

आई गेली तेव्हा हा रस्ताही बंद झाला. गेल्या दिवाळीपासून अण्णा आमच्याकडे राहतात. बाल्कनीच्या दाराशी त्यांची खुर्ची आहे. तिथे बसून ते भुईमुगाच्या शेंगा फोडतात, टरफलं एका वाटीत, दाणे दुसऱ्या वाटीत. मी ऑफिसातून आलो की ते माझ्याकडे बघून मान हलवतात. मीही हलवतो.

परवा दुपारी माझी मुलगी सई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. तिची प्रोग्रामिंगची परीक्षा तोंडावर आली आहे. हल्ली ही मुलं ज्यात सराव करतात त्याला नोटबुक म्हणतात. पडद्यावर एक लांबलचक पान, पानावर चौकटी. चौकटीत चार ओळींचा प्रोग्राम लिहायचा, तिथल्या तिथे चालवायचा, की उत्तर खाली उमटतं. सई वैतागली होती. हे हँग झालंय म्हणाली, मघापासून काहीच करत नाहीये. मी चष्मा लावून वाकलो. चौकटीशेजारी काम चालू असल्याची चांदणी दिसत होती. आणि पडद्याच्या अगदी वरच्या कडेला, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, एक रिकामी पट्टी उघडली होती. प्रोग्राम अडकला नव्हता, थांबला होता. त्याला सईकडून काहीतरी हवं होतं, आणि काय हवंय ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

सई म्हणाली, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर ही पट्टी चौकटीच्या खाली येते. मैत्रिणीच्या नोटबुकमध्ये तिच्याआधी प्रश्नही असतो, 'तुमचं नाव काय', 'आकडा टाका', असा. इथे वरतीच, आणि तीही मुकी.

"एकदा असं, एकदा तसं," ती म्हणाली. "समोरच्या माणसाला कळणार कसं, बाबा?"

बाल्कनीच्या दाराशी शेंग फुटल्याचा आवाज आला. मी तिकडे बघितलं नाही.

ऑफिसात माझी एक ख्याती आहे. लोकांनी माहिती भरायचे कॉम्प्युटरवरचे पडदे आम्ही तयार करतो, बँकांचे, दवाखान्यांचे. एखाद्या रकान्यावर काय भरायचं ते शब्दांत लिहिलं नसेल तर मी तो पडदा पुढे जाऊ देत नाही. पोरं हसतात. म्हणतात, सर, रकान्याचा आकार बघून कुणालाही कळेल की इथे फोन नंबर हवाय. मी म्हणतो, लिहा. त्यांना वाटतं मी शिस्तीचा माणूस आहे.

तो उन्हाळा असा होता. प्रवरेचं पाणी आटून कडेची वाळू उघडी पडलेली. कारखान्याचा हंगाम संपत आलेला, रस्त्यावर उसाच्या चिपाडांचा चुरा. घरोघरच्या गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या आणि त्या राखायला बसलेल्या पोरींच्या मांडीवर इतिहासाची पुस्तकं. दुपारी वीज जायची, आणि अख्ख्या गावातून पंखे थांबल्याचा एक निःश्वास निघायचा. बसस्टँडच्या मागे, कापडदुकानाच्या माडीवर, एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत होतो. नुकता पदविका घेऊन आलेला पोरगा, पण सगळे मला सर म्हणायचे. गावात गार हवा दोनच ठिकाणी होती, एक बँकेच्या साहेबांची केबिन आणि दुसरा आमचा क्लास. मशीनला धूळ चालत नाही म्हणून जिन्याच्या तोंडाशी चपला काढायच्या. आत जाड सतरंजी, काळे पडदे, हिरवी अक्षरं, आणि प्रत्येक मॉनिटरच्या कपाळावर दसऱ्याचं हळदकुंकू, जे पुसायची कुणाची छाती झाली नव्हती.

अण्णा तेव्हा तालुक्यातल्या एका दूध संस्थेत हिशेबाचं काम बघायचे. आमच्या घरातली भिक्षुकी आजोबांबरोबर संपली होती, पण तिचे संस्कार अण्णांच्या हाडात होते. पंगतीला बसले की हात मांडीवर. वाढपी पानाशी येईपर्यंत हलायचं नाही, हे त्यांना लहानपणीच शिकवलेलं. मीठ राहिलं तरी हाक मारायची नाही. वाढपी येतो, तो येतच असतो, तोंड उघडून मागणं म्हणजे यजमानाची लाज काढणं. लग्नात त्यांच्या पानापाशी उभं राहून "अण्णा, जिलेबी घ्या" असं कुणी म्हटल्याखेरीज त्यांनी कधी दुसरी जिलेबी घेतलेली मी पाहिली नाही. कामावरही तसंच. गवळ्याला सगळं पुरतं विचारल्याशिवाय टाक उचलायचे नाहीत, आणि स्वतःला कुणी पुरतं विचारल्याशिवाय उत्तर द्यायचे नाहीत.

संस्थेत कॉम्प्युटर यायचे ठरले. संस्थेच्या साहेबांनी जाहीर केलं की हिशेबातल्या लोकांनी क्लास लावायचा, उन्हाळ्यात परीक्षा द्यायची. पास होतील ते नव्या कॉम्प्युटर खोलीत बसतील, बाकीच्यांना वर अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या, दूध गार करायच्या चिलिंग सेंटरवर पाठवलं जाईल. गावात क्लास एकच. त्यामुळे एका सकाळी माझ्यासमोर गुंजाळनाना, शेखभाई, आणखी दोघे-तिघे, आणि शेवटच्या खुर्चीवर अण्णा येऊन बसले.

गुंजाळनाना सगळ्यांत मोकळे. एसीचा झोत अंगावर आला तसे म्हणाले, "हिथं दूध ठिवलं तर चार दिस नासायचं न्हाई." सगळे हसले. अण्णांनी चपला बाहेर, देवळाबाहेर ठेवतात तशा कोपऱ्यात, जोडून ठेवल्या होत्या. आत आले, माझ्याकडे बघून म्हणाले, "नमस्कार, सर." थट्टा नव्हती. क्लासात शिकवणारा तो सर. घरी ज्यांनी मला आजवर 'त्याला सांग' म्हटलं, ते इथे मला अहोजाहो करत होते. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

पास व्हायची त्यांना गरज होती, आणि ती मला माहीत होती. आईला संधिवात होता. सकाळचं पाणी अण्णा भरायचे. संस्था घराजवळ, म्हणून दुपारी जेवायला घरी यायचे. आई दोन पानं मांडायची. दोघं फारसं बोलायचे नाहीत, पण तो दुपारचा अर्धा तास त्यांचा होता. जेवण झालं की अण्णा गच्चीवर जाऊन तिच्या कुरडया उलथून ठेवायचे, कारण तिला जिना चढवत नव्हता. डोंगरातल्या सेंटरवर बदली म्हणजे पहाटेची एसटी आणि दिवेलागणीला परत. हे कुणी माझ्याशी बोललं नव्हतं. आमच्या घरात असलं कुणी बोलत नाही.

सरावासाठीचे प्रोग्राम मी स्वतः लिहिलेले. गवळ्याचं गाव, दुधाचं माप, फॅट, नाव असं विचारायचं आणि शेवटी हिशेब दाखवायचा. मी ते लिहिले घाईत. काही ठिकाणी पूर्ण प्रश्न घातला. काही ठिकाणी कंटाळून तो सोडून दिला, तिथे मशीन आपलं नुसतं प्रश्नचिन्ह दाखवायचं. आणि काही ठिकाणी तेही नाही. काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर. मला माहीत होतं कुठे काय विचारलंय, म्हणजे सगळ्यांनाच माहीत असणार, अशी माझी समजूत. तरुणपणी अशा समजुती फार असतात.

पहिल्या आठवड्यात एकदा अण्णांनी हात वर केला. "सर, इथे हे काय विचारतंय?"

मी लांबूनच म्हणालो, "वाचा की समोर. दिलंय ना."

मागे कुणीतरी हसलं. समोर काहीच दिलेलं नव्हतं, हे मी दुसऱ्या दिवशी त्या मशीनवर बसलो तेव्हा मला दिसलं. दुरुस्त करू म्हटलं, राहून गेलं. अण्णांनी त्यानंतर हात वर केला नाही. घरी मात्र ते गुपचूप सराव करायचे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी कीबोर्ड काढला होता आणि जेवणानंतर त्यावर एका बोटाने टकटक चालायची. आई मला हळूच म्हणाली, "ते विचारतायत, एंटर जोरात दाबायचं की हळू." ते शेजारच्या खोलीत होते. मी म्हणालो, "कसंही दाबलं तरी चालतं म्हणावं."

आज हे लिहिताना वाटतं, चार पावलं टाकून त्या खोलीत गेलो असतो, त्यांचं बोट धरून दाखवलं असतं, तर काय झालं असतं. कॅलेंडर पाहायला मी एकदा दारापर्यंत गेलोही होतो. त्यांनी एंटरचं बटण निळ्या शाईने काढलेलं, बाकी सगळं काळ्या. मी तसाच मागे फिरलो.

परीक्षेच्या दिवशी नगरहून एक सर आले. त्यांनी आणलेली फ्लॉपी उन्हात गाडीत तापून खराब झालेली, मशीन ती वाचेना. ते म्हणाले, तुमचाच एखादा प्रोग्राम लावा, मी त्यावर बघतो. मी तोच लावला, जो दुरुस्त करायचा राहिला होता. बाहेर जिन्यात चपला काढताना गुंजाळनाना शेखभाईंना म्हणाले होते, "अण्णांचं बरंय. त्यांचा पेपर घरचाच हाय." ते गमतीने बोलले. नानांच्या मनात पाप नव्हतं. पण ते वाक्य माझ्या कानात गेलं आणि तिथेच बसलं.

गाव विचारलं, लोकांनी गाव टाकलं. मापाच्या आणि फॅटच्या प्रश्नचिन्हांवरूनही सगळे कसेबसे पार झाले. मग नाव. तिथे नुसता कर्सर. खोलीत एसीची घरघर तेवढी उरली. पहिले बोलले गुंजाळनाना.

"सर, ह्ये काय इचारीनाच की. मुकं झालं का काय?"

नगरच्या सरांनी येऊन पाहिलं. म्हणाले, ही प्रोग्रामची चूक आहे, परीक्षार्थींची नाही, तुम्ही प्रत्येकाला सांगा. म्हणजे मला सांगायची मुभा होती. खरं तर सांगायचंच होतं. मी नानांच्या खुर्चीशी वाकलो, हळू आवाजात म्हणालो, नाव टाका आणि एंटर दाबा. शेखभाईंना सांगितलं. पुढच्या दोघांना सांगितलं. एकेक खुर्ची करत मी शेवटच्या खुर्चीपाशी आलो.

अण्णा ताठ बसले होते. हात मांडीवर. चष्म्याच्या काचेत कर्सर उघडझाप करत होता. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती त्यात. येणाऱ्या माणसाकडे बघावं तसं साधं बघणं. माझ्या पाठीवर गुंजाळनानांचे डोळे आहेत असं मला वाटलं, 'घरचाच पेपर' पुन्हा ऐकू आलं. मी त्या खुर्चीवरून पुढे गेलो. खिडकीपर्यंत जाऊन पडदा नीट केला. तो नीटच होता.

वेळ संपली तेव्हाही त्यांच्या पडद्यावर कर्सर तसाच लुकलुकत होता. ते उठले, खुर्ची आत सरकवली, "येतो, सर," म्हणाले, आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. जिन्यात मळीचा वास भरून राहिला होता.

तेव्हा मी स्वतःला काय सांगितलं, तेही लिहून टाकतो. मी सांगितलं की मी निःपक्षपाती वागलो. बाकीच्यांना सांगून वडिलांना न सांगण्यात पक्षपातच होता, फक्त उलट्या बाजूचा, हे न कळण्याइतका मी लहान नव्हतो. मला माझं 'सर'पण जपायचं होतं.

पुढे निवृत्तीपर्यंत अण्णा पहाटेच्या एसटीने डोंगरात जात राहिले. कारणं विचारली नाहीत, तक्रार केली नाही. दिवेलागणीला परत आले की कपड्यांना वरच्या गार हवेचा आणि कच्च्या दुधाचा वास असायचा. माझा क्लास दुपारी बंद असे, तेव्हा आता मी घरी जेवायला जाऊ लागलो. पहिले काही दिवस आई सवयीने दोन पानं मांडायची, मग माझ्याकडे बघून थांबायची, जणू हे दुसरं पान कुणाचं ते तिला आठवावं लागायचं. मी त्या पानावर जेवलो. त्या घासांची चव मला आजही नीट सांगता येत नाही. एका दुपारी ती म्हणाली, "त्यांना तिकडे कुणी वाढत असेल का रे?" मी म्हणालो, "कॅन्टीन असेल." गच्चीवर कुरडया एका बाजूने करपल्या होत्या. उलथायला वर जायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

आईला हे सांगायचं राहिलं. ती असती तर सोपं होतं. मी तिला सांगितलं असतं, तिने त्यांना.

सई परवा पट्टीत काहीतरी भरून मोकळी झाली आणि चहा टाकायला आत गेली. टेबलावर लॅपटॉप उघडा. मी उठलो आणि बाल्कनीच्या दाराशी गेलो. अण्णांच्या शेजारी स्टूल होतं, टरफलांची वाटी ठेवलेलं. वाटी खाली ठेवली आणि त्यावर बसलो. ते थांबले. इतक्या जवळ आम्ही बसत नाही.

मी म्हणालो, "अण्णा, त्या परीक्षेला तुम्ही हात का नाही वर केला?"

कुठल्या परीक्षेला, हे त्यांनी विचारलं नाही. हातातली शेंग फोडली, दाणे काढले, वरचं लाल साल बोटांनी चोळून उडवलं.

"तू येत होतास ना एकेकाकडे," ते म्हणाले. "पंगतीत येतात तसा. म्हटलं, येईल आपल्या पानाशी."

दुसरी शेंग उचलत म्हणाले, "मग पुढे गेलास. म्हटलं, असेल काही."

एवढंच. रागाचा मागमूस नव्हता, आणि तो असता तर मला बरं वाटलं असतं. माफी मागायला माझ्याकडे शब्द होते, इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलेले. त्यांतला एकही त्या क्षणी कामाचा निघाला नाही. "चुकलं माझं," एवढंच कसंबसं म्हणालो. त्यांनी माझ्या तळहातावर दाणे ठेवले. मी ते खाल्ले.

मग मी लॅपटॉप आणला, त्यांच्या मांडीवर उशी ठेवून त्यावर तो ठेवला. सईचीच चौकट पुन्हा चालवली. वरच्या कडेला तीच मुकी पट्टी उघडली आणि आत कर्सर लुकलुकू लागला. अण्णांनी चष्मा नाकावर सारखा केला. हात आपोआप मांडीशी गेले. वाट बघत राहिले.

मी चौकटीतल्या ओळी वाचल्या आणि पट्टीवर बोट ठेवलं. "नाव विचारतंय, अण्णा."

"कुणाचं?"

"तुमचं."

त्यांनी एका बोटाने नाव टाकायला सुरुवात केली. अक्षर शोधायचं, सापडलं की जरा थांबून ते दाबायचं. कॅलेंडरच्या पाठीवरची ती टकटक मी शेजारच्या खोलीतून ऐकली होती, बोट इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो. नखाशी शेंगांची माती होती. त्यांनी घाई केली नाही, मीही करू दिली नाही. सई चहाचे कप घेऊन दाराशी उभी राहिली होती. शेवटी ते एंटरपाशी आले, बोट हवेत धरलं, आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"हळू दाबलं तरी चालतं," मी म्हणालो.

त्यांनी दाबलं. पडद्यावर त्यांचं नाव उमटलं, चांदणी गेली. अण्णांनी हात पुन्हा मांडीवर ठेवले आणि त्या जुन्या, थट्टा नसलेल्या आवाजात म्हणाले,

"झालं, सर."